उघडं बक्कल

लिंबाजीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत दाणे मोजत होते. मोबाईलवर त्यांच्या बायकोचं, द्वारकाबाईंचं नाव दिसलं आणि मनात पहिला विचार आला तो असा, की भाऊंनी स्वतः फोन न करता बायकोला पुढे केलेलं दिसतंय. चार महिन्यांपूर्वी मी त्यांचं नाव माझ्या यादीतून काढलं होतं. ते परत घालावं म्हणून गळ घालायला फोन असणार, असं धरून मी दोन वेळा तो वाजू दिला. तिसऱ्या वेळी उचलला. "ताई, हे राह्यले न्हाईत," त्या म्हणाल्या. "सकाळी ड्यूटीवर जायाला बूट घालीत व्हते. एक घातला..." मी "येते" म्हणाले आणि सवयीने समोरच्या वहीत वेळ टाकली. दहा वाजून वीस मिनिटं. वेळेपुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. आज सात आठवडे झाले, ती ओळ तशीच अर्धी आहे.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी कागद उघडून किती उगवले ते मोजायचं, आणि तोवर पोत्यावर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं हे काम. बावीस वर्षं ते केल्यावर माणूस घरीदारीही तसाच वागायला लागतो. भाजीवालीचा काटा, पाहुण्यांनी सांगितलेलं कारण, औषधाच्या पाकिटावरची तारीख... मी सगळं उलटून बघते. एमआयडीसीच्या रस्त्यांवर सळयांच्या गाड्या पळत असतात आणि त्यांच्याखाली कुत्री येतात. त्यांना उचलून दवाखान्यात नेणारे आम्ही सात-आठ जण आहोत. मलमपट्टी झाली म्हणून अशा कुत्र्याला लगेच रस्त्यावर सोडता येत नाही. कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी महिना-दोन महिने सांभाळावं लागतं. कोण कुणाकडे आहे याची वही माझ्याकडे असते, कारण बाकीच्यांच्या वह्या हरवतात. तिच्यात दहा रकाने आहेत. कुठे सापडलं, काय लागलं, लस, ऑपरेशन, सांभाळणारा, नवं घर वगैरे. नववा रकाना पट्ट्याचा आणि दहावा शेऱ्याचा.

लिंबाजीभाऊ आमच्याच कंपनीच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. भुवयांवर गोदामाची धूळ, खिशातून पांढऱ्या शिलाई दोऱ्याचं टोक लोंबतंय. "मॅडम, तुमच्याकडं कुत्रे ठिवायला माणूस लागतो म्हणं," ते म्हणाले. त्याच्या थोडंच आधी एका गृहस्थाने आमच्याकडून दोन पिल्लं सांभाळायला म्हणून नेली होती आणि परस्पर कुणाच्या तरी मळ्यावर बांधून टाकली होती. तेव्हापासून आपणहून पुढे येणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्तच बारकाईने बघत होते. तुम्हाला कुणी सांगितलं, कशासाठी ठेवायचंय, घरी कोण कोण आहे, जागा किती, आधी काय पाळलंय, असं मी विचारत गेले. ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देत गेले, आणि एका शब्दात उत्तर देणाऱ्या माणसाची मला आणखी शंका येते. शेवटी त्यांनीच विचारलं, "अजून काही राह्यलं का मॅडम? रेशन कार्ड आणू?" ते चेष्टेने म्हणाले की रागाने, ते कळलं नाही. मी म्हटलं, "आणा." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलं.

त्यांचं घर मी न कळवता जाऊन पाहिलं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि आतल्या भिंतीलगत रिकाम्या पोत्यांचा जाड बिछाना. द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. तुमची काही हरकत नाही ना, असं मी विचारलं, तर हात न थांबवता म्हणाल्या, "माझी हरकत इचारायला तुम्हीच पैल्या आल्या, ताई. ह्यांच्या बापाच्या मेंढरांमागं दोन कुत्रे व्हते. लगीन झाल्यावर मला आधी त्येंची नावं पाठ करायला लावली, मंग दिरांची." भाऊ हसनाबादचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढे ती विकली गेली, धाकटा भाऊ शेती बघू लागला आणि हे जालन्याला पोती शिवायला आले. मेंढरांमागे वाढलेला माणूस कुत्र्याचे लाड करील असं मला वाटलं होतं. त्यांनी कधी केले नाहीत. पहिलं कुत्रं त्यांच्याकडे दिलं ते तांबूस रंगाचं, मागचा पाय टेम्पोखाली गेलेलं. ते पोत्यात बसवून, मान बाहेर काढून, मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन गेले आणि त्यानंतर आठ दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले. भाकरी खायची ती पाठमोरीच, तुकडा मागे टाकायचा तो न बघता. मी गेले की हेच दृश्य. दोनदा पाहिल्यावर मला वाटलं, या माणसाला कुत्र्याचं काही पडलेलं नाही. तसं मी आमच्यातल्या एक-दोघांना सांगितलंही.

एकदा सरळच विचारलं, "भाऊ, यात तुम्हाला मिळतं काय?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. लोक पुण्य म्हणतात, मन रमतं म्हणतात. भाऊ म्हणाले, "झोप बघायला मिळती." मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते सांगताना पहिल्यांदाच एका शब्दापेक्षा जास्त बोलले. मार खाल्लेलं कुत्रं नव्या जागी आधी भिंतीला पाठ लावून बसतं. मग आडवं होतं, पण मान वर. मग वेटोळं करून, नाक शेपटीत घालून झोपतं, तरी एक कान जागा असतो. आणि एक दिवस, भर दुपारी, माणसं येता-जाता, चारी पाय वर करून उताणं पडतं. "पोट उघडं टाकून झोपलं म्हंजे त्याचं भ्या गेलं. त्या दिशी मी तुम्हाला फोन करून राह्यलो समजा. न्या म्हणून." म्हणजे ज्या दिवशी ते जनावर या घरावर पुरता विश्वास टाकायचं, त्याच दिवशी त्याच्या जाण्याची तयारी सुरू व्हायची. आज मला हे फार कठीण वाटतं. तेव्हा मी एवढंच पाहिलं, की हा माणूस कुत्रं बरं झालं की लवकर मोकळा होतो.

निरोपाच्या वेळी आमच्याकडचे बहुतेक जण रडतात. एका काकूंना तर आम्हाला पाणी द्यावं लागतं. भाऊ रडत नसत. ते कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढायचे, खिशात घालायचे आणि नव्या घरच्या माणसाला म्हणायचे, "तुमचा घाला." गाडी हलायच्या आत ते झाडू घेऊन पोत्यांचा कोपरा झाडायला लागलेले असायचे. पट्टे आम्ही दिलेले, परत यायला पाहिजेत असा नियम. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात जनावर देतो, दावं देत न्हाई, ताई. दावं घरी ऱ्हातं." बैल विकताना दावं ठेवून घेतात हे मी ऐकलेलं होतं. पण कुत्र्याच्या पट्ट्याला कसलं आलंय दावं? आणि असे दहा-बारा पट्टे घरात ठेवून करायचं काय? माझ्या नवव्या रकान्यात त्यांच्या प्रत्येक कुत्र्यापुढे 'परत नाही' असं लागत गेलं. द्वारकाबाई म्हणायच्या, "लेक दिली तवा ह्येंनी जावायाला तीन सवाल इचारले. कुत्रं देताना तीस इचारतेत. लेक अजून म्हणती, माझ्या येळंला कुठं गेल्ती ही अक्कल?" भाऊ मान खाली घालून हसायचे.

मग चमत्कारिक तक्रारी येऊ लागल्या. कुत्रं नेलेल्या एका घरून फोन आला, की रविवारी दुपारी एक माणूस रस्त्यापलीकडे उभा राहतो, मुठीतून काहीतरी हवेत सोडतो, जागा बदलतो, पुन्हा उभा राहतो आणि आत न येता निघून जातो. काही महिन्यांनी दुसऱ्या घरून हेच. तिथल्या आजींनी तर उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधून टाकली होती. कुणीतरी करणी करतंय अशी त्यांची खात्री झाली होती. माझा करणीवर विश्वास नाही, पण वहीवर आहे. मी वही काढून बसले. ज्या ज्या घरांसमोर हा माणूस दिसला होता, त्या सगळ्या घरांतली कुत्री लिंबाजीभाऊंकडून गेलेली होती. हरवलेले पट्टे आणि घरांवर नजर ठेवणारा माणूस... मी दोन्ही एकाखाली एक लिहिलं. आणखी एखादी नोंद मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं.

ती नोंद काळीमुळे मिळाली. काळी म्हणजे एक मध्यम वयाची कुत्री. पाठीवर कुणीतरी उकळतं पाणी टाकलेलं. तिची कातडी महिन्यात भरली, पण तिला उताणं झोपायला दहा आठवडे लागले. भाऊंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागत होता. "झोपली, ताई. आत्ता. घोरून राह्यली." तिच्यासाठी मी बदनापूरच्या बाजूचं एक घर बघून ठेवलं होतं. भक्कम कंपाउंड, मागे गोदाम, पुढे फरशीचा व्हरांडा, बोलायला नीटस मालक. मी दोन वेळा फोन करून, वेळ ठरवून जाऊन आले होते. पट्टा काढून खिशात घालताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या घरी नको, ताई." मी विचारलं, का? "मालकानं कुत्र्याकडं बघितलंच न्हाई. आल्यापासून गाडीकडं बघून राह्यलाय." मी म्हटलं, भाऊ, दहा आठवड्यांत तुमचा जीव गुंतलाय, होतं असं. काळी गाडीत बसली. भाऊंनी त्या दिवशी कोपरा झाडला नाही, तेही माझ्या लक्षात राहिलं. पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

दीड महिन्याने त्या मालकांचा फोन. एक माणूस दर रविवारी भिंतीपाशी येतो, घरावर माती उधळतो, पुढच्या वेळी पोलिसांत देईन. सोमवारी मी भाऊंना टेबलाशी बोलावलं.

"तुम्ही बदनापूरला गेला होतात?"

"जातो."

"कशाला?"

"बघायला."

"आणि माती उधळता ती?"

"माती न्हाई, भुसा. वारं बघतो."

"वारं बघायला बदनापूरपर्यंत?"

त्यावर ते हसले. मी हसले नाही. मग ते म्हणाले, "काळी तिथं झोपत न्हाई, ताई." नव्या जागी कुत्री पहिले काही आठवडे झोपत नाहीतच. सांभाळणाऱ्याने नव्या घराकडे फिरकायचं नाही हा नियम त्यासाठीच आहे. जुना माणूस दिसला की जनावर नव्या घरात रुळत नाही. मी हे सगळं त्यांना सुनावलं आणि शेवटी म्हटलं, "तुम्हाला ती परत पाहिजे आहे, खरं की नाही?" ते बोटाभोवती दोरा गुंडाळत राहिले. मी ते होकारासारखं धरलं आणि त्यांच्यादेखत त्यांच्या नावावर लाल रेघ मारली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "ताई, काळी उभीच ऱ्हाती." तुम्ही अजून जाताय का, असं मी चढ्या आवाजात विचारलं. तरी, नोंद आली म्हणजे तपास केलाच पाहिजे, म्हणून मालकांना आदल्या दिवशी फोन करून मी गेले. काळी व्हरांड्यात बसली होती, अंगाला साबणाचा वास येत होता. मी चहा घेतला. वहीत 'समाधानकारक' लिहिलं. भाऊंना कळवलं, की मी स्वतः बघून आले. "झोपेल व्हती का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसली होती." "बसेल व्हती..." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे आणखी दोनदा त्यांचा फोन आला. मी उचलला नाही.

ते शुक्रवारी गेले. अंत्यविधीला मी मागे उभी होते. घरी गेले ते सोमवारी. द्वारकाबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या, माणसं पांगली होती. पोत्यांचा बिछाना तसाच होता आणि त्याच्या वर भिंतीला खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक पट्टा. हे खिळे मी याआधी पाहिले नव्हते, कारण त्या भिंतीला नेहमी कुत्रं असायचं आणि मी ते बघायची. माझे डोळे आपोआप एका टोकापासून फिरायला लागले. द्वारकाबाईंनी ते पाहिलं. "मोजा, ताई. तुम्ही मोजल्याबिगर ऱ्हाणार हायेत का?" एकोणीस. माझ्या वहीतही एकोणीसच. एकही पट्टा कुठे गेला नव्हता. पट्ट्यांवर पोतं शिवायच्या पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या, कशावर तीन, कशावर नऊ. मी विचारलं, हे काय आहे?

"ही त्येंची वही," त्या म्हणाल्या. कुत्रं नव्या घरी गेलं की दर रविवारी भाऊ तिथे जायचे. लांब उभं राहायचं, चिमूटभर भुसा सोडून वारं कुठून येतंय ते बघायचं, आणि वारं कुत्र्याकडून आपल्याकडे येईल अशा अंगाला थांबायचं, म्हणजे त्याला वास लागत नाही. मेंढरांमागे लहानपणी शिकलेली ही रीत. कुत्र्याला आपण दिसलो तर त्याचा जीव दुसऱ्यांदा तुटेल, एवढी त्यांना धास्ती. घरी आल्यावर पट्ट्याला एक गाठ. आणि ज्या रविवारी ते कुत्रं त्या परक्या घरात उताणं झोपलेलं दिसायचं, त्या दिवशी घरी येऊन पट्ट्याचं बक्कल लावून टाकायचे. त्यानंतर त्या घराकडे पुन्हा जायचं नाही. "तो तांबडा व्हता बघा, लंगडा? त्याचं पैल्याच आयतवारी लागलं. लई हसले त्या दिशी. म्हणे, बदमाशानं दोन महिने माझी भाकरी खाल्ली अन् आठ दिसात इसरला मला. हसत व्हते अन् डोळे पुसत व्हते. मी म्हणलं, आता हसा तरी न्हाई तं रडा तरी, दोन्ही बराबर कसं व्हईल?" मग त्यांनी शेवटच्या खिळ्याकडे बोट केलं. "हिचंच राह्यलंय."

अठरा पट्ट्यांची बक्कलं लावलेली होती. एकोणिसावा उघडा लोंबत होता. काळीचा. मी पिशवीतून वही काढली. काळी दिल्यापासून चोवीस रविवार झाले होते. पट्ट्यावर गाठी तेवीस. माझ्या मनात लगेच आलं, एक का कमी? आणि मग लक्षात आलं, की चोविसावा रविवार कालचा होता.

त्या घरात बसून मला आणखी एक गोष्ट दिसली, जी वहीत पहिल्या पानापासून होती आणि मी कधी वाचली नव्हती. लिंबाजीभाऊंच्या पत्र्याच्या घरी मी एकदाही फोन करून गेले नव्हते. कंपाउंड असलेल्या घरी एकदाही फोन न करता गेले नव्हते. निघताना द्वारकाबाईंनी खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर भुसा कागदात बांधून दिला. "घ्या. लागंल."

पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता बदनापूरला गेले. स्कूटी लांब लावली. बाजूच्या शेताच्या बांधावर उभं राहून मुठीतून भुसा सोडला. तो माझ्याकडून घराकडे गेला. म्हणजे जागा चुकली होती. वळसा घालून गोदामाच्या मागे गेले, पुन्हा सोडला. या वेळी तो माझ्या साडीवर आला. भिंतीची एक वीट निघालेली होती, नेमकी पुरुषाच्या डोळ्याच्या उंचीला. मला टाचा उंचवाव्या लागल्या. आत पत्र्याच्या शेडला काळी बांधलेली होती. साखळी वरच्या कडीला होती आणि इतकी आखूड, की तिला फार तर बसता येत होतं. आडवं होऊन मान जमिनीला टेकवायची सोय नव्हती. मी अर्धा तास बघितलं. ती बसायची, डोळे मिटायची, मान खाली जायला लागली की साखळी ताणायची आणि ती पुन्हा उठून उभी राहायची. काळी झोपत न्हाई. काळी उभीच ऱ्हाती. त्या माणसाने त्याला जे दिसलं तेवढंच, जसंच्या तसं मला सांगितलं होतं. मी त्यात त्याचा हेतू शोधत बसले होते.

मी पुढच्या गेटाने आत गेले. मालक म्हणाले, "अहो मॅडम, फोन तरी करायचा." मी म्हटलं, साखळी सोडा. ते म्हणाले, "राखणीला आणलंय तिला, झोपायला नाही." मी त्यांच्या सहीचा कागद दाखवला. त्यात बांधून न ठेवण्याची अट माझ्याच हातची होती. कागद उलटसुलट करून ते म्हणाले, "घेऊन जा. तसंही भुंकत नाही ती." काळी माझ्या स्कूटीच्या पुढच्या जागेत बसून जालन्याला आली, पूर्ण रस्ता मान वर धरून.

वहीत 'सांभाळणारा' या रकान्यात मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. वही सांभाळणाऱ्याने कुत्रं सांभाळायचं नाही हा माझाच नियम, तो मोडला. साखळी नसतानाही काळी पहिले दहा दिवस आडवी झाली नाही. पाण्याच्या बादलीच्या काठावर हनुवटी टेकवून झोपायची. आमचे हे म्हणाले, तिला जरा कुरवाळ तरी. मी तिच्याकडे पाठ करून बसले. पोळीचा तुकडा न बघता मागे टाकताना लक्षात आलं, की हे सोपं नाही. कानांनी सगळं बघावं लागतं. द्वारकाबाईंना मी सगळं कळवलं होतं. मी म्हटलं, एकदा या, बघून जा. त्या म्हणाल्या, "येईन की. पर फोन करून न्हाई येणार, ताई." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. काळी आमच्या ओट्यावर, दारातून जाता-येता पाय लागेल अशा जागी, उताणी पडली होती. चारी पाय वर, पाठीवरचा भाजल्याचा डाग फरशीला लागलेला, तोंड अर्धवट उघडं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी हलली नाही. मला खात्री वाटेना. दमली असेल, पोट बिघडलं असेल, मी तिथे बसलेय म्हणून पडली असेल... मी उठून आत गेले आणि खिडकीच्या गजांतून बघत राहिले. तेव्हा रस्त्यापलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत, द्वारकाबाई दिसल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी मूठ उघडली, भुसा सोडला, तो कुठे जातोय ते बघितलं आणि दहा पावलं डावीकडे सरकल्या. मला बाहेर जाऊन हाक मारावीशी वाटली. चहा ठेवावा, सांगावं, की तिसऱ्या आठवड्यात ती आधी वेटोळं करून झोपली, त्याची तारीख माझ्याकडे आहे. मी गेले नाही. गज धरून उभी राहिले, आवाज होऊ नये म्हणून गॅससुद्धा बंद केला.

त्या बराच वेळ बघत होत्या. घर बघितलं, गेट बघितलं, पाण्याची बादली बघितली, गेटामागे कुठे साखळी आहे का तेही मान वाकडी करून बघितलं. मग पिशवीतून पट्टा काढला. आधी चोविसावी गाठ मारली. मग बक्कल लावायला लागल्या. जुनं चामडं, पटकन बसेना. त्यांनी पट्टा गुडघ्यावर दाबून धरला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. पट्टा पिशवीत ठेवून त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असणार. मान हलवली नाही, हसल्या नाहीत, आत आल्या नाहीत. पदर सारखा केला आणि रिक्षा मिळते त्या कोपऱ्याकडे चालायला लागल्या.

काळी उठली नाही.